अकरा रेघांवरून दोन रेघांवर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत थंडीत त्वचेची काळजी कशी घ्यावी, यावर लेख आला होता. चेहरा ओढल्यासारखा वाटला की लगेच मॉइश्चरायझर लावा, दिवसातून कितीही वेळा लावलं तरी अपाय नाही, असा त्याचा सूर होता. बहुतेक वाचकांना तो सल्ला चालेल. पण माझ्यासारख्या बायकांसाठी त्यात एक वाक्य कमी होतं. ते वाक्य मला वेळेवर कुणी सांगितलं असतं, तर माझे बरेच महिने वाचले असते. म्हणून हे पत्र.

नाशिकला पंचवटीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांग उठले. ओळखीच्या एका बाईंनी ट्यूबचं नाव सांगितलं, औषधाच्या दुकानात चिठ्ठी न मागता ती मिळाली. पंधरा दिवसांत डाग फिके पडले, चेहरा उजळला. मग मी ती पाच वर्षं लावली. मध्ये दोन दिवस राहून गेली की गाल लाल व्हायचे, चुरचुरायचे, आणि पुन्हा लावली की तासाभरात शांत. मी प्रत्येक वेळी समजत होते की ट्यूब गुणाची आहे आणि माझी त्वचाच नाजूक.

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं मोमेटासोन हे स्टिरॉइड. डॉक्टरांच्या नजरेखाली काही आठवडे वापरायचं ते औषध मी पावडर-कुंकवासारखं रोज लावत होते. स्टिरॉइडने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चेहरा गोरा आणि शांत दिसतो. वर्षानुवर्षं लावलं की कातडी पातळ होते, तिचं स्वतःचं तेलकट संरक्षण कमी होतं, आणि ते थांबवलं की आकसलेल्या रक्तवाहिन्या फुलून येतात. कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. कौशिक लाहिरी आणि डॉ. अरिजित कुंडू यांनी २००८ मध्ये अशा चेहऱ्याला वेगळं नावच दिलं: टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस, म्हणजे स्टिरॉइडच्या मलमाने बिघडलेला चेहरा. देशातल्या बारा केंद्रांत झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टिरॉइडचं मलम लावत होते. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आपण एकट्या नाही.

जून २०२३ मध्ये, आषाढीच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या त्वचेच्या डॉक्टर मॅडमनी ती ट्यूब बंद करायला सांगितली. काय होईल तेही त्यांनी आधी सांगितलं होतं. तरी ऐकणं वेगळं आणि सोसणं वेगळं. चौथ्या दिवसापासून चेहऱ्याची अशी आग व्हायला लागली, की तव्यासमोर उभं राहवेना. खाज कमी, आगच जास्त. पापण्या सुजल्या, गालांवरून लस वाहिली, मग तिच्या खपल्या, मग पापुद्रे. तोंडाभोवती आणि हनुवटीवर बारीक पुरळ. रात्री उशीवर गाल टेकवता येत नव्हता, म्हणून भिंतीला पाठ लावून बसून झोपायची. हळद-साय, कोरफड, खोबरेल, सगळ्यांनी मायेनेच सुचवलं. हळद-साय मी एकदा लावली आणि नळाखाली तोंड धरून अर्धा तास उभी राहिले.

मॅडमनी एक साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर दिलं होतं. सकाळ-संध्याकाळ, पातळ थर. मी मात्र ते हळदी-कुंकवाच्या स्टीलच्या डबीत भरून एप्रनच्या खिशात ठेवलं आणि जरा ओढलं की लावत गेले. नंतर ते पुरेना, म्हणून त्यावर पेट्रोलियम जेली. फोनची काच कायम तेलकट, उशीचा अभ्रा पिवळट. पोळ्या लाटताना सारखं तोंडाला हात, की हात धुवायचे, की पुन्हा पिठात. जेलीच्या थराखाली घाम अडकून राहायचा, वरून तव्याची धग. दुपारी दोनपर्यंत चेहरा लालबुंद. मग तो शांत व्हावा म्हणून अजून एक थर.

ऑक्टोबरमध्ये मॅडमनी विचारलं, "दिवसातून किती वेळा लावता?" मी म्हटलं, तीन-चार वेळा. मला मनापासून तसंच वाटत होतं. त्यांनी आठवडाभर मोजायला सांगितलं. उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी दर वेळी एक रेघ ओढत गेले. पहिल्या दिवशी अकरा रेघा झाल्या.

ते पान बघून मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की मॉइश्चरायझर वाईट नाही, त्वचेतलं पाणी उडू न देणं हे त्याचं कामच आहे. पण हनुवटीवरचं ते पुरळ, ज्याला पेरिओरल डर्मटायटिस म्हणतात, जाड क्रीमच्या थरांखाली चिघळतं. त्यात पुष्कळदा चेहऱ्यावरचं सगळंच थांबवायला सांगतात, त्या उपचाराला झिरो थेरपी म्हणतात. माझी कातडी इतकी फाटलेली होती की एकदम सगळं बंद करणं त्यांना पटत नव्हतं. हळूहळू कमी करायचं ठरलं.

पहिला प्रयत्न फसला. मी डिसेंबरात, नाशिकच्या कडाक्याच्या थंडीत, अकरावरून एकदम तीनवर आले. ओठांचे कोपरे चिरले, हसताना रक्त यायचं, जेवताना तोंड उघडेना. आठवड्याभरात पुन्हा डबी खिशात. तेव्हाच कुठे तरी मी जपानच्या डॉ. केंजी सातो यांच्याबद्दल वाचलं. ते अशा रुग्णांचं मॉइश्चरायझर पूर्ण बंद करतात आणि पाणी पिण्यावरही मर्यादा घालतात. त्या वाटेने बरे झालेले लोक आहेत, पण त्याला अजून भक्कम आधार नाही, आणि नाशिकच्या उन्हात शेगडीपुढे उभं राहणाऱ्या बाईने पाणी तोडणं मला धोक्याचं वाटतं. मॅडमनीही त्याला स्पष्ट नकार दिला.

दुसऱ्यांदा सुरुवात केली ती मार्च २०२४ मध्ये, रंगपंचमीनंतर. या वेळी आठवड्याला फक्त एक रेघ कमी. आधी सोडली ती स्वयंपाकघरातली, कारण तिथे वाफ असतेच. नियम एकच होता: लावावंसं वाटलं की लगेच डबी काढायची नाही, पुढच्या वीस पोळ्या लाटून होईपर्यंत थांबायचं.

त्या वीस पोळ्यांमध्ये काय व्हायचं ते सांगते. पहिल्या पाच-सहा पोळ्यांना चेहरा ढोलकीच्या पानासारखा ताणलेला. कुणी गिऱ्हाईक आलं तर बोलायचं ओठ न हलवता. दहाव्या पोळीच्या सुमाराला नाकाच्या दोन्ही बाजूंना मुंग्या यायच्या, आणि हात आपोआप खिशाकडे जायचा. पंधराव्या-सोळाव्या पोळीला तो ताण आपणहून सैल पडायचा. क्रीम न लावता. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी लाटणं खाली ठेवलं आणि गालाला उलटा हात लावून बघितला. कोरडा होता, खरखरीत होता, पण आग नव्हती. किती तरी महिन्यांनी मी माझ्याच गालाला काही न माखता हात लावला होता. मला रडू आलं. शेजारी काम करणाऱ्या बाईंनी काही न विचारता तवा उतरवला.

मग लक्षात आलं की त्या अकरांतल्या सात-आठ रेघा कातडीने मागितलेल्याच नव्हत्या. पुन्हा आषाढातल्यासारखं होईल या धास्तीने मी त्या ओढत होते. पाच वर्षं चेहऱ्यावर काही तरी चोळलं की बरं वाटायचं, ती सवय ट्यूब गेली तरी बोटांत राहिली होती.

ओढणं आणि चिरणं यांतला फरकही तेव्हाच शिकले. नुसतं ओढत असेल तर थांबायचं. चीर पडली, लाल रेघ दिसली, तर तेवढ्याच जागेवर तांदळाच्या दाण्याएवढं लावायचं, अख्ख्या चेहऱ्याला नाही. पापुद्रे सोलायचे नाहीत, कितीही लोंबत असले तरी. काळ्या ब्लाउजवर ते कोंड्यासारखे पडायचे, म्हणून ते महिने मी फिक्या रंगाचे ब्लाउज घातले. तोंड धुवायला कोमट पाणी, साबण नाही. अंगाला मॉइश्चरायझर पहिल्यासारखंच चालू ठेवलं, कारण हातपायांना काही झालेलंच नव्हतं.

मे महिन्यात बहिणीकडे रत्नागिरीला आठ दिवस राहिले, तेव्हा दिवसाला तीन रेघांवर भागलं. हवेतच ओल होती. परत आल्यावर नाशिकच्या कोरड्या वाऱ्यात पाचवर गेले आणि त्याचं मी वाईट वाटून घेतलं नाही. जूनमध्ये एक आठवडा चेहरा पुन्हा जुन्यासारखा पेटला. मला वाटलं, कमी केल्यामुळेच. मॅडम म्हणाल्या की हा आजार लाटांनी जातो, आकडा आहे तिथेच धरून ठेवा. गणपती आले तेव्हा मी दोनवर होते. आज, या जानेवारीत, सकाळी आंघोळीनंतर एकदा आणि रात्री एकदा लावते. हनुवटीवरचं पुरळ गेलं. गालांवरच्या बारीक लाल शिरा दिसतात आणि उन्हात चेहरा लवकर तापतो. वांगही थोडे परत आले आहेत, ते आता मला चालतात.

यातलं किती क्रीम कमी केल्यामुळे आणि किती नुसते दिवस गेल्यामुळे, हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. म्हणून हे वाचून कुणी आपली क्रीम फेकून देऊ नये, ही कळकळीची विनंती. ज्या लहान मुलांना तान्हेपणापासून एक्झिमा, म्हणजे इसब, आहे, त्यांच्यासाठी मॉइश्चरायझर हा उपचाराचा पाया आहे. डॉक्टरांनी मोजून, मुदतीने दिलेलं स्टिरॉइड मलमही शत्रू नाही. माझ्या भाचीचा एक्झिमा त्यानेच आटोक्यात आला. स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्याने त्या मनाने बंद करणं तर जिवावर बेतू शकतं. आणि चेहऱ्यावर पू दिसला, ताप आला, पाण्यासारखे फोड उठले, तर वीस पोळ्यांची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

लेखात कमी पडलेलं वाक्य आता सांगते. क्रीम लावूनही चेहऱ्याची आग होत असेल, आणि दिवसेंदिवस जास्त क्रीम लागत असेल, तर कोरडेपणाला दोष देण्याआधी घरातली जुनी ट्यूब काढून बघा. पुढच्या पुरवणीत एवढं छापाल का?

आणि अजून एक मागणं आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडची अशी १४ मलमं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी गेल्या महिन्यात माझ्याकडे पोळ्या लाटायला नवीन आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीने पिशवीतून ट्यूब काढली. गजकर्णावर दुकानदाराने दिलेली, आणि ती चेहऱ्यालाही लावायची, कारण उजळ दिसतं. मी ट्यूब उजेडात धरली. घटकांची नावं इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. दहावी झालेली ती मुलगी ते वाचू शकली नाही, आणि मलाही चष्मा लावून दोनदा वाचावं लागलं. क्लोबेटासॉल होतं. मोमेटासोनपेक्षाही कितीतरी जहाल. गुरुवारी केंद्र लवकर बंद करून तिला मॅडमकडे घेऊन गेले.

आपलं वर्तमानपत्र ज्या घरांत जातं, त्या घरांतल्या फ्रिजच्या दारात अशा ट्यूबा पडलेल्या असतात. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही चार नावं आपण मराठीत, ठळक आणि मोठ्या अक्षरांत एकदा छापावीत आणि खाली एवढंच लिहावं, की तुमच्या ट्यूबवर यातलं एखादं नाव असेल तर पुढच्या वेळी लावण्याआधी डॉक्टरांना दाखवा. कात्रण कापून मी केंद्राच्या दारावर चिकटवीन. रोज दीडशे डबे न्यायला माणसं येतात, ती उभी राहून वाचतील.

आपली,
एक पोळी-भाजी केंद्रचालक,
पंचवटी, नाशिक