एंजलच्या जोडीला दोष देण्याआधी टँक बघा

माननीय संपादक,

आपल्या पुरवणीत घरी मासे पाळण्याबद्दल अधूनमधून छापून येतं ते मी आवर्जून वाचतो. एंजलफिशच्या ब्रीडिंगबद्दल मात्र सगळीकडे एकच सल्ला फिरतोय की अंडी दिसली रे दिसली की लगेच आईबापापासून वेगळी करा, नाहीतर ते खाऊन टाकतील. हा सल्ला अर्धवट आहे आणि त्यापायी चांगल्या चांगल्या जोड्या बदनाम होतायत असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र.

एंजल हा सिक्लिड कुळातला मासा, मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातला, आणि या कुळातले बरेच मासे पिल्लांची काळजी घेतात हे आधी लक्षात घ्यायला हवं. पाचसहा लहान एंजल एकत्र वाढवले की साधारण आठ-दहा महिन्यांत त्यातले दोघं आपणहून जोडी जमवतात, आपण नर-मादी निवडून आणून जोडी लावू म्हटलं तर जमेलच असं नाही, कारण एरवी बघून नर कुठला मादी कुठली हे खात्रीने सांगताच येत नाही. अंडी घालायच्या वेळी पोटाखाली बारीक नळी दिसते, नराची बारीक टोकदार आणि मादीची जाड बोथट, तेव्हा काय तो उलगडा होतो. कधीकधी दोन माद्याच जोडी जमवून अंडी घालतात आणि मग सगळीच्या सगळी पांढरी पडतात, तिथेही लोक बिचाऱ्या माशांनाच नावं ठेवतात.

अंडी घालायची जागा ही जोडी आधी तोंडाने घासून साफ करते, मग ते रुंद पान असो, फिल्टरचा पाइप असो नाहीतर टँकची काच. मादी ओळीने अंडी चिकटवत जाते, नर मागून फिरत ती फलित करतो, मग दोघं आळीपाळीने पंखांनी अंड्यांवर पाणी खेळवत राहतात आणि पांढरी पडलेली म्हणजे मेलेली अंडी उचलून टाकतात, म्हणजे बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरत नाही. पाणी २७-२८ डिग्री असेल तर दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात, पण पिल्लं लगेच पोहत नाहीत, डोक्याजवळच्या चिकट धाग्याने तिथेच लटकून शेपट्या वळवळवत राहतात. या दिवसांत आईबाप त्यांना तोंडात घेऊन दुसऱ्या पानावर नेऊन चिकटवतात, खाली पडलेलं पिल्लू उचलून परत जागेवर ठेवतात. बघणाऱ्याला वाटतं खाल्लं! आणि मग घाईघाईने जाळी घालून पिल्लं काढली जातात.

आता कम्युनिटी टँकमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या जातींचे मासे एकत्र ठेवलेल्या टँकमध्ये, नेमकं काय होतं ते बघा. जोडी अर्धा टँक ताब्यात घेते, बाकीचे मासे कोपऱ्यात दबून बसतात, त्यांची शेपटं फाटतात. दिवसा टेट्रासारखे छोटे मासे टपून असतात आणि रात्री लाइट बंद झाला की एंजलला नीट दिसत नाही, तेव्हा प्लेको आणि कोरी हे तळाशी फिरणारे मासे येऊन अंडी साफ करून जातात, सकाळी पान रिकामं आणि आळ आईबापावर. आणि समजा त्यांनी स्वतःच खाल्ली तरी त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं की सतत हल्ला परतवून ते घाबरलेले असतात, किंवा पहिलीच वेळ असते. पहिल्या दोन-तीन वेळा अंडी जाणं अगदी नॉर्मल आहे, त्यावरून जोडी वाईट ठरवू नये.

म्हणून माझं म्हणणं असं की अंडी हलवण्याऐवजी जोडी हलवा. शंभर लिटरच्या आसपासचा, उंचीला चांगला असा वेगळा टँक, स्पंज फिल्टर (दुसऱ्या फिल्टरमध्ये पिल्लं खेचली जातात), हीटर, एक उभी स्लेट (पाटीसारखा सपाट दगड) किंवा रुंद पान आणि रात्री बाजूला अगदी मंद दिवा, बास. तिथे त्यांना वारंवार काचेजवळ जाऊन त्रास देऊ नका.

जागाच नसेल तर अंड्यांचं पान किंवा स्लेट त्याच टँकच्या पाण्यात, हवेचा दगड (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा) लावून, बुरशी लागू नये म्हणून थोडं मिथिलीन ब्लू हे निळं औषध टाकून वेगळं ठेवता येतं, तेही चालतं, माझा त्याला विरोध नाही, फक्त तोच एक मार्ग म्हणून सांगू नये. कारण त्यात एक गोष्ट कोणी बोलत नाही, अंडी काढून घेतली की मादी दहा-पंधरा दिवसांत पुन्हा अंडी घालते आणि असं सतत चालू राहिलं की ती खंगत जाते.

आणि ब्रीडिंग सुरू करण्याआधी पुढचा विचार करा ही विनंती. एका वेळी शेकडो अंडी असतात. पोहायला लागल्यावर पिल्लांना ताज्या फुटलेल्या आर्टेमिया (कोळंबीसारखे अगदी बारीक जीव) लागतात, दिवसातून तीन-चार वेळा, सोबत रोज थोडं थोडं पाणी बदलायचं, कित्येक आठवडे. एवढं करून वाढलेले मासे ठेवणार कुठे, घेणार कोण हे आधी विचारून ठेवलेलं बरं. जास्त झाले म्हणून नदीत किंवा तळ्यात तर अजिबात सोडू नका, परका मासा आणि त्याच्यासोबतचे रोग तिथल्या माशांच्या माथी मारायचा आपल्याला काही हक्क नाही. यातलं काहीच जमणार नसेल तर अंडी तशीच कम्युनिटी टँकमध्ये राहू द्या, इतर मासे खातील, त्यात पाप नाही.

पुढच्या वेळी या विषयावर लेख छापाल तेव्हा वेगळ्या टँकचा आणि आईबापाला पिल्लं वाढवू द्यायचा पर्यायही त्यात जरूर घ्यावा.

आपला,
एक मत्स्यप्रेमी वाचक