संकटातही कामाची पाळी बदलायलाच हवी

संपादक महोदय,

प्रोजेक्ट अडचणीत आला की बहुतेक ऑफिसांत एकच उपाय सुचतो : सगळ्यांनी थांबायचं. घरी कोणी जायचं नाही. मीही टीम लीड म्हणून अनेक वर्षं हेच करत आले, आणि ते चूक होतं, म्हणून हे पत्र.

सर्व्हर कोसळल्याची ती तिसरी रात्र होती. आमच्या टीममधल्या एका मुलाच्या स्क्रीनवर दोन खिडक्या उघड्या होत्या, एक चाचणीच्या सर्व्हरची, दुसरी प्रत्यक्ष वापरातल्या, म्हणजे चालू सर्व्हरची. पुसून टाकण्याची कमांड त्याने चालू सर्व्हरवर दिली. त्याचं काम तपासायला मी शेजारीच बसले होते. मी स्क्रीनकडे बघत होते, तरी मला ते दिसलं नाही. आम्ही दोघंही वीस तासांहून जास्त जागे होतो. सकाळच्या बैठकीत तो 'निष्काळजी' ठरला. त्याला जागं ठेवणारं वेळापत्रक माझं होतं, हे मी तिथे बोलले नाही. त्याची टोचणी अजून जात नाही.

सलग १७ ते १९ तास जागलेल्या माणसाची कामगिरी काही चाचण्यांत रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी, कधी त्याहूनही खराब होते, हे २००० सालीच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे. मद्य घेतलेल्याला आपण चालू सर्व्हरला हात लावू देऊ का?

यावर 'पण संकटात पाळ्या कशा लावणार?' असं विचारलं जातं. एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या 'नासा'च्या अपोलो १३ यानाची प्राणवायूची टाकी फुटली. तीन अंतराळवीरांचा जीव टांगणीला होता. तरी साधारण तासाभरात, जमिनीवरून यान सांभाळणाऱ्या जीन क्रांट्झ यांच्या टीमने ठरल्या वेळी सूत्रं ग्लिन लुनी यांच्या टीमकडे सोपवली. पुढे क्रांट्झ यांची टीम रोजच्या पाळ्यांतून बाजूला काढून परतीच्या टप्प्याची आखणी तिच्याकडे दिली गेली. तिघंही सुखरूप परतले.

माणसं वाढवून दिली की भागतं, असंही वरिष्ठांना वाटतं. उशीर झालेल्या प्रोजेक्टला माणसं जोडली की उशीर वाढतो, हे सॉफ्टवेअर तज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच सांगितलं होतं. नव्यांना शिकवायचं काम शेवटी आधीपासून थकलेल्या त्याच माणसांवर येतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'चा, म्हणजे कामाने पार थकून जाण्याचा संबंध कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाशी जोडला. म्हणजे तो व्यवस्थापनाचा प्रश्न आहे; संकट सरल्यावर तासाभराचं ध्यानाचं सत्र ठेवून तो सुटत नाही. सगळ्यात जाणकार माणसाला आधी झोपायला पाठवा, कारण पहाटे त्याचीच गरज लागते. पाळी बदलताना काम सोपवणं, म्हणजे हँडओव्हर, लेखी घ्या. काम कुठवर आलं हे विचारणारे दर अर्ध्या तासाचे स्टेटस कॉल बंद करा. ते कॉल काम करणाऱ्याचंच डोकं खातात.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे डेटा नव्या सर्व्हरवर हलवायचा आहे. आराखड्याचं पहिलं पान मी पाळ्यांचं ठेवलं आहे. ते काढायला सांगितलं, तर त्या आराखड्यावर मी सही करणार नाही.

आपली,
एक वाचक