आपा, तुमच्या पेन्सिलीच्या खुणांसाठी

आदरणीय आपा,

सप्रेम नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण मी आभाराचं पहिलं वाक्य सुरू केलं की तुम्ही "जेवलीस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून चार लोकांदेखत लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही. खेड-दापोलीकडच्या कुणाला ओळख पटलीच, तर तुम्ही कानावर हात ठेवा.

२०१७ साली मी नाशिकच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होते. सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा झालेली, पीएच.डी. झालेली, आणि मानधन तासावर मोजलेलं; तेही कधी जमा होईल ते देवाला ठाऊक. कायम जागा निघाली तर पुढे काय होतं, हे या लाईनीतल्या माणसांना सांगायला नको. त्या वेळी माझ्या हातात दोन पत्रं होती. एक मस्कतच्या खाजगी कॉलेजचं, दुसरं सौदी अरेबियातल्या आभा शहरातल्या मुलींच्या कॅम्पसचं.

घरी आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांनी मस्कतलाच कौल दिला होता. मस्कतला देवळं आहेत, बायका गाडी चालवतात, मुलंमुली एका वर्गात शिकतात. आभाचं नाव काढलं की एकच प्रश्न यायचा, "मग तिथे बुरखा घालणार?" हा प्रश्न विचारणाऱ्यांत आमचे तेव्हाचे प्राचार्यही होते, ज्यांनी बाई प्राध्यापकांना साडीची सक्ती केली होती. असो.

सहकारी मैत्रिणीची आत्या म्हणून मी तुमच्याकडे आले. तुमची उमेदीची वर्षं सौदीतल्याच दम्मामला मुलींच्या कॉलेजात गेलेली. मला वाटलं होतं, तुम्ही एक तर "बिनधास्त जा" म्हणाल, नाहीतर "कशाला ती कटकट" म्हणाल. तुम्ही दोन्ही म्हणाला नाहीत. चष्मा लावलात, पेन्सिल घेतलीत आणि पडवीत बसून दोन्ही करारपत्रं ओळ न ओळ वाचलीत. काही ओळींच्या कडेला बारीक टिंब, काहींच्या कडेला फुली. मध्ये एकदा घावणे आले, तेही तुम्ही वाचता वाचताच खाल्लेत.

मग तुमचा पहिला प्रश्न आला, "बाय, संध्याकाळी पाच ते नऊ तू काय करतेस?" मी गोंधळले. मी फिरायला जाते, भाजी आणते, कधी नाटक, कधी मैत्रिणीकडे. तुम्ही म्हणालात, "वर्ग कुठेही वर्गासारखाच असतो. मुली त्याच, परीक्षेची भीती तीच. देश भेटतो तो संध्याकाळी. तुझी संध्याकाळ तिथे कशी जाईल, ते मला सांग."

त्या एका प्रश्नाने माझी सगळी मांडणी फिरली. मस्कतच्या करारात संध्याकाळचे वर्ग होते, नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी. म्हणजे ज्या मोकळ्या संध्याकाळींसाठी सगळे मला मस्कतला पाठवत होते, त्या मी फळ्यासमोर काढणार होते. आणि तुमची सगळ्यात ठळक फुली होती 'एनओसी', म्हणजे ना-हरकत पत्र, या शब्दापाशी. तेव्हाच्या ओमानी नियमाप्रमाणे मालकाने ते पत्र दिलं नाही, तर नोकरी सोडणाऱ्याला दोन वर्षं त्या देशात दुसरी नोकरी धरता येत नसे. (ती अट जानेवारी २०२१ पासून गेली. आज मस्कतचा विचार करणाऱ्यांनी माझं हे गणित जसंच्या तसं उचलू नये.) शिवाय उन्हाळ्याच्या सुट्टीच्या पगाराबद्दल त्या कागदात अवाक्षर नव्हतं.

आभाच्या कागदावरही तुम्ही प्रश्न काढलेच. सही कुणाची? विद्यापीठाची, की शिक्षक पुरवणाऱ्या ठेकेदार कंपनीची? हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. सौदीत पहिल्या पूर्वतयारीच्या वर्षाचं इंग्रजी बऱ्याच ठिकाणी ठेक्यावर दिलेलं असतं. कॅम्पस तोच, वर्ग तोच, पण एका बाईला सुट्टीचा पगार आणि घर मिळतं, शेजारच्या टेबलावरच्या बाईला मिळत नाही. इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, कुणाच्या नावावर निघेल, मायदेशी येताना लागणारी एक्झिट-रीएंट्री, म्हणजे बाहेर जाऊन परत यायची परवानगी, कोण देईल, मेहरम म्हणजे नवरा-भाऊ सोबत आणायची अट आहे का, असेल तर त्याला तिथे काम करता येईल का, हेही तुम्ही विचारलंत. माझी सही थेट विद्यापीठाशी होती, मेहरमची अट नव्हती आणि महिला निवासात खोली होती. नवऱ्याला आश्रित म्हणून सोबत न्यायचं आमच्या मनात होतं. त्याचंही गणित तुम्हीच करून दिलंत. त्याच वर्षीच्या जुलैपासून सौदीने आश्रितांवर माणशी महिना १०० रियाल कर बसवला होता आणि तो दरवर्षी १०० ने वाढून २०२० मध्ये ४०० वर जाणार, हे जाहीर होतं. नवऱ्याने नाशिकचं वर्कशॉप बंद करायचं, तिथे रिकामं बसायचं आणि वर त्याबद्दल पैसे भरायचे! त्याने भेटीला येत जायचं, असं ठरलं.

एवढं करूनही तुम्ही "आभा घे" म्हणाला नाहीत. त्याच कॅम्पसवर शिकवणाऱ्या हैदराबादच्या एका बाईंचा नंबर मिळवून दिलात आणि म्हणालात, माझं ज्ञान जुनं आहे, आजचं तिला विचार. त्या बाईंचे लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकून मी सही केली.

शिक्क्यांच्या फेऱ्या थोडक्यात सांगते, कारण त्या आठवल्या तरी पाय दुखतात. पदवी खरी असल्याचं विद्यापीठाचं पत्र, मंत्रालयात राज्याचा शिक्का, दिल्लीला परराष्ट्र मंत्रालय, मग सौदी दूतावास. डिसेंबर २०२२ पासून सौदी अरेबिया अपॉस्टिल करारात (त्यात दूतावासाचा वेगळा शिक्का लागत नाही) आल्यामुळे शेवटची पायरी आता सोपी झाली आहे. नव्या मुलींना माझ्यापेक्षा बरे दिवस.

सामान भरताना तुमचा फोन आला होता, तो सासूबाई अजून सांगतात. "कांदा-लसूण मसाल्यात खसखस घालू नका, तिकडे तो गुन्हा आहे." सासूबाईंनी भाजून ठेवलेली खसखस बाजूला काढली आणि मसाला पुन्हा केला. आणि गणपतीचं काय, हे मी तुम्हाला विचारायला संकोचत होते. तुम्हीच म्हणालात, "मूर्ती नेऊ नकोस. चारचौघांत पूजा चालत नाही तिथे. हळकुंडाचा गणपती मांड खोलीत. हळकुंड मसाल्याच्या डब्यातून जातं, कुणी विचारत नाही." माझ्या माहेरच्या गुरुजींनाही हे सुचलं नसतं, आपा.

आभा म्हणजे वाळवंट, असं इथे सगळ्यांना वाटतं. ते असीरच्या डोंगरात आहे, समुद्रसपाटीपासून २२०० मीटरच्या आसपास. धुकं, पाऊस, रस्त्याकडेला माकडांच्या टोळ्या, वसंतात जांभळी फुललेली जॅकरांडाची झाडं. फाटकाच्या आत गेलं की भिंतीवरच्या हुकांना काळ्या अबायांची, म्हणजे अंगभर झग्यांची, रांग, आणि आत मुलींचा नुसता गलका. लांब स्कर्ट, रंगवलेले केस, बुटांवर टिकल्या. काही विषयांचे पुरुष प्राध्यापक पडद्यावरून शिकवत. मुलींना ते दिसत, त्यांना मुलींचा फक्त आवाज ऐकू येई. त्यामुळे तिकडे तास चालू असताना इकडे मागच्या बाकांवर कॉफीचे थर्मास उघडत, हे मी स्वतः पाहिलं आहे. पंचवीस टक्क्यांच्या वर गैरहजेरी झाली की 'हिरमान', म्हणजे परीक्षेला बसायला बंदी. सेमिस्टरच्या शेवटी माझ्या टेबलाशी त्यासाठी रडारड चाले; कुणाचं मूल आजारी, कुणाचा ड्रायव्हर पळालेला. २०१७ च्या डिसेंबरमध्ये असीरच्या बायकांची भिंतचित्रं, अल-कत्त, युनेस्कोच्या यादीत गेली, तेव्हा याच मुलींनी निबंधांच्या वह्यांना त्या नक्षीच्या चौकटी काढल्या. व्याकरण बेतास बात, चौकटी मात्र देखण्या.

संध्याकाळींबद्दल तुम्ही बोललात ते सगळं खरं ठरलं. पहिली हिवाळ्याची सेमिस्टर जड गेली. बाजाराची बस ठरलेल्या दिवशी, नमाजाच्या वेळी दुकानांची शटर खाली, आणि एकटीने सहज चालायला जावं तर निवासाच्या बाई काळजीने हाका मारत. पण मला ते आधीच ठाऊक होतं, म्हणून मी त्या वेळात अरबी शिकले आणि रखडलेलं भाषांतर पुरं केलं. पुढे २४ जून २०१८ ला बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली. सुट्टीनंतर एक सहकारी स्वतः गाडी घेऊन निवासाच्या दाराशी आली, तेव्हा आम्ही सगळ्या खाली धावलो होतो.

२०१९ च्या जूनमध्ये आभा विमानतळावर येमेनच्या हूथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र पडलं आणि २६ माणसं जखमी झाली. हे कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं. त्या दिवशी आईच्याही आधी तुमचा फोन आला. तुम्ही म्हणालात, "यायचं असेल तर ये, राहायचं असेल तर राहा. फक्त टीव्ही बघून ठरवू नकोस." मी राहिले. आई माझ्याशी आठवडाभर नीट बोलली नाही, आणि मला वाटतं, तुमच्याशी तर अजूनच नाही.

२०२१ मध्ये परत येतानाही तुमची सूचना होतीच, की अनुभवाच्या दाखल्यावर तिकडचे शिक्के आधी, तिकीट नंतर. इथे मुलाखतीला बसले तेव्हा पॅनेलवरच्या सरांनी तो दाखला उलटसुलट करून शिक्के तपासले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. माझ्याबरोबरच आखातातून आलेल्या एका उमेदवाराला नेमक्या त्याच कागदासाठी थांबावं लागलं.

एजंटने नुसती चौकशी करून द्यायचे पैसे मागितले होते. तुम्ही माझ्याकडून आंब्याची पेटीसुद्धा घेतली नाहीत, कारण काय तर "कोकणात आंबे आणतेस?" म्हणून या ईदला नाशिकची द्राक्षं आणि कोंडाजीचा चिवडा घेऊन येते आहे. परत पाठवायचा नाही.

तुमची,
नाशिकची बाय