तो खांब होता, लाईटहाऊस नव्हतं

प्रति,
कस्टमर केअर प्रमुख (असं कुणी खरंच असेल तर)

विषय: अमेरिका ईस्ट कोस्ट टूर, दिवस नववा, रॉचेस्टर. न दाखवलेलं म्युझियम आणि काल दुपारचा फोन

काल दुपारी तुमच्या माणसाने मला "आंटी, लाईटहाऊस म्हणजे लाईटहाऊसच ना" असं ऐकवून फोन ठेवला, त्यानंतर हे लिहायला बसलेय, त्यामुळे महोदय वगैरे राहू दे.

तुमचा प्रोग्रॅम तुम्हीच छापलाय तेव्हा माहिती असेलच. नायगाराहून निघाल्यावर रॉचेस्टर, जेनेसी नदीच्या मुखाजवळचं शार्लट-जेनेसी लाईटहाऊस म्युझियम, प्रवेश फी समाविष्ट. शेजारी फोटो, अष्टकोनी दगडी मनोरा आणि त्याला लागून विटांचं घर. फोटो अगदी बरोबर आहे, आम्हाला दाखवलंत ते त्या फोटोत नाही एवढंच.

झालं असं की बस ओंटारिओ बीच पार्कला थांबली, टूर मॅनेजरने पियरच्या (पाण्यात लांब गेलेल्या धक्क्याच्या) टोकाला जो खांबासारखा दिवा आहे तिकडे बोट केलं आणि म्हणाला हे आपलं लाईटहाऊस, पंचवीस मिनिटं, फोटो काढा, वॉशरूम तिकडे. मी म्हटलं अहो हे नव्हे. तर म्हणे काकू, म्युझियम बंद असेल. बंद असेल!! आहे का असेल? जाऊन बघितलंत का? पायी दहा मिनिटांवर आहे ते. निम्मा ग्रुप तोवर १९०५ सालच्या लाकडी मेरी-गो-राउंडवर जाऊन बसला होता (ते मात्र सुंदर आहे, आणि ते तुमच्या प्रोग्रॅममध्ये नाही, यातच सगळं आलं).

मी ३३ वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय. नदीचं मुख, गाळ, वाळूचा दांडा, फळ्यावर किती वेळा काढला असेल देव जाणे. ते म्युझियम बघायचं होतं ते यासाठी. तो मनोरा १८२२ मध्ये बांधला तेव्हा नदीच्या मुखाशीच उंचवट्यावर होता, समोर लेक ओंटारिओ. मग बोटींना आत येता यावं म्हणून मुखाशी पियर बांधले, त्यांच्या आडोशाला वाळू साठत गेली आणि किनाराच पुढे सरकला. मनोरा आहे तिथेच राहिला, पाणी लांब गेलं. १८८१ मध्ये त्याचा दिवा बंद केला. म्हणजे तुमची बस जिथे उभी होती ती जमीनच मुळात नंतर आलेली, आणि तिथून दिसणारा दिवा हा त्या मनोऱ्याच्या जागी आलेला नोकरदार. मला वर चढून बघायचं होतं की पाणी कुठून कुठे गेलं. तो खांब बघायला मी पुण्याहून आले नव्हते.

आता फोन. तेवीस मिनिटं ती बासरी ऐकली. मग एक मुलगा आला, आवाज गोड.

"मॅडम, लाईटहाऊस बघितलं ना?"

म्हटलं नाही, खांब बघितला.

"पण मॅडम, लाईट होता ना त्याला?"

म्हटलं बाळा, लाईट माझ्या बाथरूमलाही आहे.

इथे तो हसला, आणि मला वाटलं चला, माणूस आहे. पण नाही. म्हणे सिस्टीममध्ये "लाईटहाऊस, कम्प्लीटेड" दाखवतंय. मी म्हटलं म्युझियम? "ते लाईटहाऊसमध्येच इन्क्लूडेड असतं मॅडम." अरे मग आतच गेलो नाही तर इन्क्लूडेड कुठून? म्हणे "लाईटहाऊस तर पाण्याजवळच असतं ना, तुम्ही म्हणताय ते झाडांमध्ये आहे, मग ते लाईटहाऊस कसं?" मी त्याला वाळू, पियर, १८२२ सगळं समजावलं, तो ऐकत होता असं मला वाटलं, तर तो म्यूटवर होता. पुन्हा आला तो थेट मॅडमची आंटी करूनच. "आंटी, लाईटहाऊस म्हणजे लाईटहाऊसच ना. एन्जॉय केलं ना टूर?" आणि खट्. वर लगेच मेसेज, आमच्या सेवेला पाच पैकी किती तारे.

तुमच्याबरोबर काश्मीर केलं, युरोप केलं, ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर तुमच्या मॅनेजरने ह्यांना जिन्यावर हात दिला होता ते मी अजून सगळ्यांना सांगते. म्हणून जास्त लागलं. तेव्हा माणसं होती, आता सिस्टीममध्ये कम्प्लीटेड आहे.

आणि परत सांगते, म्युझियम बंद नव्हतं. हॉटेलवर आल्यावर मी त्यांची वेबसाईट काढून बघितली, त्या दुपारी उघडं होतं. १९६५ मध्ये हा मनोरा पाडणार अशी बातमी पसरली तेव्हा तिथल्या हायस्कूलच्या पोरांनी पत्रं लिहून तो वाचवला. पोरांच्या पत्रांना उत्तरं मिळाली, माझे तीन ईमेल तुमच्याकडे "प्रोसेसमध्ये" आहेत.

पुढच्या वर्षी जपानला आम्ही अकरा जणी तुमच्याकडून जाणार होतो, सगळ्या निवृत्त शिक्षिका, सगळ्यांच्या हातात व्हॉट्सअ‍ॅप आणि भरपूर वेळ. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर ग्राहक आयोगात जाईन, माझा भाचा वकील आहे आणि सध्या त्यालाही वेळ आहे.

दोघांची प्रवेश फी परत करा, फार नाहीये ती, मला माहितीये. पण त्याआधी कंपनीच्या लेटरहेडवर एक ओळ हवी, सहीशिक्क्यासह: आम्ही दाखवलं ते शार्लट-जेनेसी लाईटहाऊस नव्हतं. ईमेल चालणार नाही. पोस्टाने पाठवा, पत्ता तुमच्या सिस्टीममध्ये आहे.