बाबा, डिस्टिंक्शन वेगळं आणि ऑनर्स वेगळं

चॅपल हिल, नॉर्थ कॅरोलायना
एप्रिल, रविवार

ती. बाबा आणि आईस सा. न., आजीला वेगळा नमस्कार,

परवा फोनवर धड बोलणं झालंच नाही, तुमचा आवाज तुटत होता आणि मधेच आईच्या कुकरच्या शिट्ट्या, म्हणून लिहूनच पाठवतीये, दादाला सांगा आजीला वाचून दाखवायला. इकडं सध्या पाइनच्या झाडांचे परागकण पडतायत, गाड्या, बाकं, माझ्या खोलीची खिडकी सगळं पिवळंधमक, जेजुरीला भंडारा उधळल्यासारखं, फक्त इथं येळकोट करायच्या ऐवजी सगळे शिंकत बसतात.

आता मुद्द्याचं. दादा म्हणाला तुम्ही शाळेत स्टाफरूममध्ये पेढे वाटले. अहो बाबा!! मला ऑनर्स मिळालेलं नाहीये, ऑनर्स करायची परवानगी मिळालीये, खरं काम ऑगस्टपासून सुरू होणार आणि पुढच्या एप्रिलपर्यंत ते मिळेल का नाही कुणालाच माहीत नाही. आता पेढे परत मागता येणार नाहीत पण कुणी विचारलं तर नीट सांगता यावं म्हणून सगळं लिहिते.

तुमच्या डोक्यात जे आहे ना, चांगले मार्क पडले की मिळतं ते, त्याला इथं यूएनसीत, म्हणजे आमच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, डिस्टिंक्शनच म्हणतात. शेवटी जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी गुण, ३.५ किंवा जास्त असला तर डिस्टिंक्शन आणि ३.८ किंवा जास्त असला तर हायेस्ट डिस्टिंक्शन, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, नुसता अभ्यास. ऑनर्सचं तसं नाही. त्याला ३.३ पुरतो, म्हणजे सरासरी बी प्लस, पण तो फक्त दारातून आत यायला. आत गेल्यावर शेवटच्या वर्षी दोन कोर्स घ्यायचे, इकॉनचे म्हणजे माझ्या अर्थशास्त्राचे ६९१एच आणि ६९२एच, तीन तीन क्रेडिटचे, आणि त्या वर्षभरात आपला स्वतःचा एक थिसिस लिहायचा, मग तीन प्राध्यापकांच्या कमिटीसमोर बसून तोंडी उत्तरं द्यायची. त्यांना पटलं तर ऑनर्स, फारच पटलं तर हायेस्ट ऑनर्स, नाही पटलं तर नुसती डिग्री. त्याआधी ४०० नंबरचं स्टॅटिस्टिक्स, ४१० चं मायक्रो हे झालेलं पाहिजे, आणि ४७० म्हणजे इकोनोमेट्रिक्स, आकडेवारीवरून अर्थशास्त्रातले प्रश्न तपासायची पद्धत, ते आलं नाही तर थिसिसमध्ये हात बांधलेलेच. त्या ४७० मध्ये मला बी आहे हे तुम्हाला अजून सांगितलं नव्हतं. मिडटर्मच्या आदल्या रात्री जवळच्या कॅरी गावात गणपतीच्या आरतीला गेले होते, तिथं मराठी माणसं इतकी आहेत की आरतीवरून गप्पा, गप्पांवरून जेवण, परत यायला बारा वाजले. चूक माझीच, बाप्पाचं नाव घेत नाही.

पुण्यातली ताई विचारत होती आमच्यासारखंच का. थोडंसं. तिच्याकडं नवीन धोरणात चौथं वर्ष केलं की ऑनर्स, आणि रिसर्चवालं ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात. तिचं मार्कांवर अडतं, माझं प्रश्नावर अडलं होतं.

म्हणजे असं, अर्ज करायच्या आधी आमच्या प्राध्यापक मॅडमना थिसिससाठीचा आपला प्रश्न सांगायचा असतो. मी पहिल्यांदा गेले आणि म्हणलं मला भारतातल्या गरिबीवर लिहायचंय. मॅडम हसल्या नाहीत पण पेन खाली ठेवलं. म्हणाल्या हा प्रश्न नाही, हे कपाट आहे, यातला एक कप्पा उघड. दुसऱ्यांदा महाराष्ट्राची रोजगार हमी योजना घेऊन गेले, १९८८ ला मजुरी एकदम दुपटीच्या आसपास वाढली तेव्हा काय झालं म्हणून, तर तो पेपर १९९३ लाच लिहून झालाय, रॅव्हॅलियन, दत्त आणि चौधरी यांनी. मजुरी वाढली पण कामावरची हजेरी वाढायच्या ऐवजी घटली, कारण मागेल त्याला काम हे कागदावर राहिलं आणि प्रत्यक्षात काम वाटून द्यायची वेळ आली. डेव्हिस लायब्ररीत बसून तो वाचताना मला एकीकडं वाईट वाटत होतं की विषय गेला, आणि दुसरीकडं अंगावर काटा, आपल्या रोजगार हमीवर हजारो मैल लांब कुणीतरी टेबलंच्या टेबलं मांडून ठेवलीयेत.

मग तिसऱ्यांदा जमलं. इथं शिकवताना एक उदाहरण हमखास येतं, न्यू जर्सीनं १९९२ च्या एप्रिलमध्ये किमान मजुरी ४.२५ वरून ५.०५ डॉलर केली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियानं केली नाही, तर कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडची मिळून ४१० फास्टफूडची दुकानं आधी आणि नंतर तपासली. मजुरी वाढली तर नोकऱ्या जातील असं सगळे म्हणायचे, त्यांना तसं दिसलं नाही. कार्डला २०२१ ला नोबेल मिळालं. युक्ती साधी आहे बाबा, नुसतं आधी आणि नंतर बघायचं नाही, हद्दीपलीकडच्यात किती फरक पडला तो आपल्यातून वजा करायचा. हे वाचताना माझ्या डोळ्यापुढं अक्कलकोट आलं. स्वामींचं दर्शन घेऊन थोडं पुढं गेलं की कर्नाटक, माती तीच, ज्वारी तीच, दोन्हीकडं कन्नड बोलतात, फक्त इकडं रोजगार हमी होती आणि तिकडं नव्हती. तर माझा प्रश्न एवढाच, १९७१ ते १९९१ च्या जनगणनांत हद्दीच्या अलीकडच्या बायका कामावर जास्त दिसतात का.

मॅडमनी लगेच दोन खोडे घातले. एक, १९८० ला उजनी धरण झालं, मग फरक रोजगार हमीचा का कालव्याचा? म्हणून पाणी न पोचलेली गावं निवडायची. दुसरा जास्त अवघड, जनगणनेत कामगार कुणाला म्हणायचं हेच दर वेळी बदललंय. १९७१ ला मुख्य काम घरकाम सांगितलं की बाई बिनकामाची, १९८१ ला मुख्य आणि सीमांत, म्हणजे वर्षातला थोडाच काळ काम करणारे, असे दोन भाग केले. आता आकडा वाढला तर बायका कामाला लागल्या का मोजणारा सुधारला? यावर माझ्याकडं अजून उत्तर नाही, दोन्हीकडं व्याख्या एकच होती एवढाच आधार.

आजी, हे तुझ्यासाठी. बहात्तरच्या दुष्काळात तू खडी फोडायला जायचीस, सुकडी मिळायची, रेशनला अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी मिळायची ते तू सांगतेस ना, ते सगळं परत पहिल्यापासून सांगायचंय. मी मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतीये. पण थिसिससाठी माणसांशी बोलायचं तर इथल्या एका बोर्डाला आधी विचारावं लागतं, त्यासाठी मी कॉम्प्युटरवर एक ट्रेनिंगपण केलंय, आणि बहुतेक तुला एक कागद वाचून दाखवून तुझी संमती घ्यावी लागेल. मला माहितीये तू म्हणशील "कशाला सही, शेत लिहून घेतीस का?" तर नाही घेत. फक्त तोपर्यंत दादाला काही सांगून संपवू नकोस.

आणि बाबा, पेढ्यांवरून बोलले म्हणून रागावू नका, या सगळ्यात तुमचाही हात आहे. तुमच्या पगारातून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापतात त्यावर तुम्ही दरवर्षी चिडता ना, तो व्यवसाय कर १९७५ ला आला तोच रोजगार हमीच्या पैशासाठी. मी हे मॅडमना सांगितलं तर त्यांना खरं वाटेना, म्हणे शहरातल्या पगारदारांनी गावातल्या मजुरीसाठी कर भरला?

आईला सांगा शेंगाचटणी संपत आलीये.

तुमची,
छोटी

ता. क. फेब्रुवारीची पगाराची स्लिप सापडली तर फोटो काढून पाठवा, ३०० वाली. बाकीचे आकडे झाकले तरी चालतील.