स्क्रोल केलं की कर्सर ओढून नेणं बंद करा

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : नवीन अपडेटनंतर स्क्रोल करताना कर्सर जागा सोडतो, त्याबद्दल तक्रार

नमस्कार,

मी इंग्रजीतून मराठीत मशिनींच्या मॅन्युअल्सचं भाषांतर करते, शेतीपंप, पॉवर टिलर, कडबा कुट्टी असली मशिनं, आणि गेली तीन वर्षं त्यासाठी तुमचाच एडिटर पैसे भरून वापरतेय. आजवर एकदाही तक्रार केली नाही. पण मागच्या महिन्यातल्या अपडेटपासून माऊसचं चाक फिरवलं की कर्सर पण फरफटत येतो, म्हणजे मी लिहित असलेली ओळ स्क्रीनच्या बाहेर गेली की कर्सर तिथे न थांबता काठावर जी ओळ असेल तिच्यात येऊन बसतो, आणि हे बंद करायची सेटिंग मला कुठेच सापडली नाही.

यामुळे काय झालं ते सांगते. कडबा कुट्टीच्या मॅन्युअलमध्ये पात्यांना धार लावायचा भाग चालू होता, वाक्य अर्धं झालं होतं, "झाकण उघडण्याआधी मोटरचा मेन स्विच" इथपर्यंत. तेवढ्यात शंका आली की मागे आपण "मेन स्विच" लिहिलंय की "मुख्य स्विच", कारण एका पुस्तिकेत एकच शब्द ठेवावा लागतो. म्हणून चाक फिरवून आठ-दहा पानं वर गेले, बघितलं, "मेन स्विच"च होतं, आणि नजर दुसऱ्या स्क्रीनवरच्या इंग्रजी पीडीएफकडे वळवून पुढे टाइप केलं "बंद करा". आधी काय व्हायचं, पहिलं अक्षर दाबलं की स्क्रीन आपोआप माझ्या अर्ध्या वाक्यावर परत यायची. आता नाही आली. ते "बंद करा" ग्रीस भरायच्या सूचनेच्या मधोमध जाऊन पडलं आणि खाली धोक्याची सूचना अर्धवटच राहिली. क्लायंटकडच्या तपासणीत सापडलं म्हणून निभावलं. कडबा कुट्टीत हात गेलेली माणसं मी स्वतः बघितलीयत, तेव्हा ही सूचना अर्धी छापली गेली असती तर काय, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

तुमच्या सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं की ही सुधारणा आहे, कर्सर नेहमी डोळ्यासमोर राहावा म्हणून केलीय आणि प्रोग्रामर लोकांचे एडिटर असेच चालतात. माझा धाकटा भाऊ प्रोग्रामर आहे, विम नावाचा एडिटर वापरतो, त्याला विचारलं. तो म्हणाला ताई, हे खरंय, विममध्ये आणि ईमॅक्स या तशाच दुसऱ्या एडिटरमध्ये कर्सर खिडकीबाहेर राहूच शकत नाही. पण विमचा मूळ एडिटर व्हीआय बिल जॉयने १९७६ च्या सुमारास लिहिला, तेव्हा समोर नुसता टर्मिनल, म्हणजे अक्षरं दाखवणारा पडदा आणि कीबोर्ड असायचा, सगळं काम कीबोर्डवर. आणि तरीही विममध्ये परत यायची सोय आहे, जी आणि आय दाबलं की शेवटी जिथे टाइप करत होतो तिथेच टायपिंग पुन्हा सुरू होतं, शिवाय हवी ती जागा खूण करून ठेवता येते. तुम्ही कर्सर ओढून न्यायचं तेवढं उचललंत आणि परत यायचा रस्ता ठेवलाच नाही.

चाक हे फक्त बघण्यासाठी आहे हो. आपण पोथी वाचताना एक बोट ओळीवर ठेवून मागचं पान चाळतो, तेव्हा बोट तिथेच राहतं ना? कर्सर म्हणजे ते बोट. बघणं वेगळं आणि सरकणं वेगळं हे कॉम्प्युटरवाल्यांना फार आधीपासून माहीत आहे, १९८१ च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर स्क्रोल लॉकचं बटण यासाठीच होतं, आणि एक्सेलमध्ये आजही ते चालू केलं की बाणाच्या बटणांनी शीट सरकते पण निवडलेला सेल जागचा हलत नाही.

सगळ्यात जास्त त्रास मजकूर सिलेक्ट करताना होतोय. चार पानांचा तुकडा उचलायचा तर मी सुरुवातीला क्लिक करते, चाकाने खाली जाते, शेवटी शिफ्ट धरून क्लिक करते, झालं. ही युक्ती चालते ती फक्त सुरुवातीचा कर्सर तिथेच थांबतो म्हणून! आता खाली जाईपर्यंत सुरुवातच हरवलेली असते आणि भलताच तुकडा सिलेक्ट होतो.

पेज डाउनच्या बटणाबद्दल मात्र माझा हट्ट नाही. विंडोजवर ते दाबलं की कर्सर पण पुढे जातो आणि मॅकवर नुसतं पान सरकतं, कर्सर न्यायचा असेल तर ऑप्शन धरावं लागतं, दोन्हीकडच्या लोकांची बोटं आपापल्या सवयीची झालीयत, तिथे जशी सिस्टिम तसं ठेवा.

आणि कर्सर कुठे गेला ते लोकांना सापडत नाही ही अडचण खरी आहे, मी नाकारत नाही, मोठ्या फाइलमध्ये माझंही होतं. पण त्यावर उपाय आहेत की. व्हीएस कोड या प्रोग्रामर लोकांच्या एडिटरमध्ये उजवीकडच्या पट्टीवर कर्सरच्या जागी बारीक रेघ दिसते. वर्डमध्ये शिफ्ट धरून एफ५ दाबलं की शेवटी बदल केलेल्या जागी जाता येतं. यातलं काहीही द्या, पण माझी जागा मला न विचारता हलवू नका.

सध्या मी काय करते माहितीय का, वर बघायला जायच्या आधी वाक्यात "झझझ" टाइप करून ठेवते आणि नंतर ते शोधून परत येते, कारण मराठीत झझझ असलेला शब्द नाही. दिवसातून तीस-चाळीस वेळा. परवा त्यातला एक झझझ फाइलमध्ये तसाच राहून क्लायंटकडे गेला आणि मला माफी मागावी लागली.

माझं म्हणणं एवढंच आहे की चाकाने आणि टचपॅडने स्क्रोल केल्यावर कर्सर जागेवरच राहील ही जुनी पद्धत परत आणा, नाहीतर निदान सेटिंगमध्ये तसा पर्याय द्या, आणि ते होईपर्यंत मला आधीच्या व्हर्जनची इन्स्टॉल फाइल पाठवा. माझं वार्षिक सबस्क्रिप्शन पुढच्या महिन्यात संपतंय, पैसे भरायचे की नाही ते मी तुमचं उत्तर बघून ठरवणार आहे. उत्तर कृपया माणसाने वाचून लिहिलेलं असावं, मागच्या वेळसारखी मदत-पानाची लिंक नको.

आपली,
एक भाषांतरकार ग्राहक