कॅबिनेटमधला उजेड

पुणे,
रविवार दुपार

प्रिय बंड्या,

तुझा निरोप वाचला. तुमच्या चिऊला तिच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये दिवे लावायचेत आणि तुला विजेची धास्ती वाटतेय. फोनवर सांगून भागलं असतं, पण फोनवर तू अर्धं ऐकतोस आणि उरलेलं अर्धं स्वतःच्या मनाने भरतोस. विजेच्या कामात ते चालत नाही, म्हणून सगळं लिहूनच काढतो. वाचून झालं की पत्र चिऊच्या हातात दे. काम तीच करणार, तू नुसता मागे उभा राहून "जपून गं" म्हणणार, हे मला पक्कं ठाऊक आहे.

दुकानदाराने दाखवलेला तो पंखे आणि रिमोटवाला तयार सेट घेऊ नकोस. माल वाईट असतो असं नाही. पण गल्लीतल्या प्रत्येक कॅबिनेटमध्ये तेच इंद्रधनुष्य त्याच चालीने फिरत असतं आणि थोड्या दिवसांत पोरं कंटाळून ते एका रंगावर आणून ठेवतात. एका रंगासाठी एवढे पैसे कशाला मोजायचे?

हॉस्टेलवर आपण त्या कळकट पांढऱ्या पत्र्याला जिगसॉने खिडकी कापून आत निळ्या नळ्या लावल्या होत्या, आठवतं ना? त्या कोल्ड कॅथोडच्या, बारीक ट्यूबलाइटसारख्या. पेटायला शेकडो व्होल्ट मागायच्या, म्हणून सोबत इन्व्हर्टरची डबी आणि तिची रात्रभर चिरचिर. तेव्हा निळा म्हणजे काय नवलाई होती! लाल एलईडी १९६२ पासून होता, पण झगझगीत निळा जपानमध्ये शुजी नाकामुरांनी दाखवला तो थेट १९९३ साली. त्या निळ्याबद्दल त्यांना, इसामू आकासाकींना आणि हिरोशी अमानोंना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज तुझ्या घरात जो पांढरा एलईडी आहे, तोही बहुतेक निळाच, वरून पिवळं फॉस्फर, म्हणजे उजेडात चमकणारी पूड, चढवलेला. आता निळ्याचं अप्रूप कुणालाच उरलेलं नाही, आणि झोपायच्या खोलीत तर तो नकोच. रात्री निळा उजेड डोळ्यांवर राहिला की झोप लांबते.

आता मुद्द्याचं. कॅबिनेट सजवताना लोक दिवे दाखवतात, तिथेच सगळं बिघडतं. काचेतून एलईडीचे ठिपके डोळ्यांत टोचतात आणि आतलं काहीच धड दिसत नाही. आकाशकंदिलात बल्ब कुठे दिसतो? दिसतो तो कागद. इथेही तसंच करायचं. दिवा लपवायचा आणि त्याचा उजेड कशावर तरी पडू द्यायचा. एवढं सांभाळलं तर चार-सहा एलईडीतही कॅबिनेट देखणं होतं. नाही सांभाळलं, तर तीनशेंची अख्खी रीळ गुंडाळूनही ते लग्नाच्या हॉलसारखंच दिसणार.

लपवायला जागा भरपूर असते. काचेच्या चौकटीला आतून पत्र्याची एक कड असते, तिच्यामागे एलईडीची पट्टी आत तोंड करून लाव. बाहेरून बघणाऱ्याला पट्टी दिसत नाही, आतला मुख्य बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, मात्र उजळतो. पट्टी समोर ठेवायचीच असेल तर पुढे बटर पेपर किंवा दुधी अ‍ॅक्रिलिक हवं, आणि तेही चिकटून नको. दोन एलईडींमध्ये जेवढं अंतर, निदान तेवढंच अंतर एलईडी आणि कागदात ठेव. मीटरला ६० एलईडींची पट्टी असेल तर हे साधारण १७ मिलिमीटर होतं. मग ठिपके एकमेकांत मिसळतात. सुटे एलईडी वापरणार असाल तर त्यांच्या गोल टोप्या बारीक पॉलिश पेपरवर घासा. टोपी धुरकट झाली की उजेड चहूकडे पसरतो.

आता तुझ्या भीतीचा भाग. कॅबिनेटमध्ये आपल्याला १२ व्होल्टच हवेत, आणि ते एसएमपीएसमधून, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्यातून, तयारच येतात. चार तारांचा तो मोठा पांढरा मोलेक्स कनेक्टर बघ. पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ ची, मधल्या दोन काळ्या ग्राउंडच्या. नव्या एसएमपीएसमध्ये बहुधा सगळ्याच तारा काळ्या असतात, तेव्हा अंदाज नको, व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावा. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचाच नाही. आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते लगेच उतरतील याचा भरवसा नसतो.

एलईडीचा स्वभाव तऱ्हेवाईक. ठरावीक व्होल्टपर्यंत ढिम्म बसतो आणि त्यापुढे जरासं चढवलं की करंट एकदम उसळतो. म्हणून करंट आवरायला रेझिस्टन्स लागतो. हिशोब चिऊ तोंडी करेल. पांढरा एलईडी साधारण ३.२ व्होल्ट घेतो. तीन एकामागोमाग जोडले की झाले ९.६. बारातून ते वजा, उरले २.४. मला १६ मिलिअँपिअर हवेत, तर २.४ भागिले ०.०१६, म्हणजे १५० ओहम. तपकिरी, हिरवा, तपकिरी असे पट्टे असलेला पाव वॉटचा रेझिस्टन्स माग. दुकानदार एलईडीला २० मिलिअँपिअर सांगेल आणि ते बरोबरच आहे, पण मी १६ वरच ठेवतो. डोळ्यांना फरक कळत नाही आणि एलईडी गार राहतो. पिवळे किंवा लाल घेतलेत तर ते दोन व्होल्टच्या आसपास असतात. मग पाच एकामागोमाग लावा, रेझिस्टन्स तोच चालेल.

एक गोष्ट मात्र बजावून सांग तिला. एका रेझिस्टन्सवर दहा एलईडी समांतर जोडायचे नाहीत. प्रत्येकाचे व्होल्ट केसभर वेगळे असतात. जो आधी पेटतो तो इतरांच्या वाट्याचा करंट ओढतो, तापतो आणि जातो. मग पुढच्याची पाळी. दर तिघांमागे एक रेझिस्टन्स, ही काटकसर करायची जागाच नव्हे. लांब पाय धन, आखूड पाय ऋण. पाय कापून झाल्यावर ओळखायचं कसं, तर ऋणाच्या बाजूला टोपीची कड किंचित चपटी असते. बोटाने लागते.

पिवळ्या तारेत दोन अँपिअरचा काचेचा फ्यूज टाका. याबाबतीत माझं कुणाशीही भांडण होऊ शकतं. एसएमपीएसला १२ व्होल्टवर वीस-तीस अँपिअर देणं जड नसतं. आपली बारीक तार कुठे पत्र्याला टेकली तर त्याला शॉर्ट कळायच्या आधीच तार जळेल. सगळं सर्किट आधी टेबलावर, १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर तासभर पेटवून बघा. जुन्या राउटरचा अडॅप्टर चालतो, त्यावर १२ लिहिलंय ना एवढं बघून घे. प्रत्येक जोडाला श्रिंक स्लीव, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, हवी. नुसती चिकटपट्टी उन्हाळ्यात सुटते आणि मग उघडा जोड मदरबोर्डवर लोंबत बसतो.

आता खरी मजा. तीन मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा तुकडा घ्यायचा आणि त्याच्या कडेतून आत उजेड सोडायचा. दहावीतलं पूर्ण आंतरिक परावर्तन आठव. ४२ अंशांहून तिरका आलेला किरण अ‍ॅक्रिलिकच्या आतच आपटत पुढे जातो, बाहेर पडत नाही. पृष्ठभागावर ओरखडा आला की तेवढ्या जागी त्याला वाट मिळते. म्हणजे तुकडा सगळा रिकामा दिसतो आणि ओरखडे तेवढे पेटतात. गेल्या दिवाळीत चिऊने तुमच्या अंगणातल्या भिंतीवर वारली काढली होती ना, तेच इथे काढायला सांग. तारपा वाजवणारा मध्ये आणि भोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं. वारलीतली माणसं त्रिकोण आणि रेषांचीच असल्यामुळे कंपासपेटीतलं कर्कटक पुरतं. कागदावर चित्र काढून तो खाली ठेवायचा आणि वरून गिरवायचं. ओरखडे तुकड्याच्या मागच्या बाजूला येऊ द्या, म्हणजे समोरची बाजू गुळगुळीत राहून चित्र आत तरंगल्यासारखं दिसतं. फक्त मग चित्र उलटं गिरवावं लागेल, नाहीतर सगळे डावखुरे होतील. हात फार दाबायचा नाही. बारीक ओरखडा नीट उजळतो. खोल गेला की कडा फुटतात आणि चित्र भुसभुशीत दिसतं.

कडेवरही मेहनत घ्या. करवतीने कापलेली कड खरबरीत असते आणि उजेड तिथेच विखरून जातो. ४०० चा पॉलिश पेपर, मग ८००, मग १२००, शेवटचे दोन पाणी लावून. बोट फिरवल्यावर काचेसारखी लागली पाहिजे. मग ती कड एलईडीच्या पट्टीवर टेकवायची आणि पट्टीसकट ॲल्युमिनिअमच्या चॅनेलमध्ये बसवायची, म्हणजे दिवा पुन्हा लपला. हा तुकडा एसएमपीएसच्या झाकणावर उभा छान दिसतो. माझ्या कॅबिनेटमध्ये तिथे पिवळसर पांढरा लावलाय, बाकी आत एकही दिवा नाही. येणारा जाणारा थांबून बघतो.

पट्टी असो की चॅनेल, चिकटवायच्या टेपवर भरवसा ठेवू नका. मे महिन्यात तो गळणारच. कॅबिनेट लोखंडी पत्र्याचं असेल तर पट्टीखाली छोटी चुंबकं लावा. काढता-घालता येतात आणि साफसफाईला बरं पडतं. पंख्यापासून मात्र तारा दूर बांधा. आणि बाजूची काच टफन्ड असते, तिला ड्रिल लावायचं नाही. भोक पडत नाही, अख्ख्या काचेचा चुरा होतो.

चिऊ रंग बदलणाऱ्या पट्टीचा हट्ट धरेल. धरू दे. पण मदरबोर्डवर अशा पट्ट्यांसाठी दोन तऱ्हेच्या पिना असतात. चार पिनांची जागा १२ व्होल्टची, आणि तीन पिनांची ५ व्होल्टची, जिथे प्रत्येक एलईडीला वेगळा हुकूम जातो. पाचची पट्टी बारावर लावली की ती गेलीच. पाचच्या पट्टीतला डब्ल्यूएस२८१२बी जातीचा एकेक एलईडी पूर्ण पांढरा असताना ६० मिलिअँपिअरपर्यंत खातो. तीस लावले की १.८ अँपिअर, ते यूएसबीतून ओढायचे नाहीत. यापुढचं तिला माझ्यापेक्षा जास्त येत असेल.

सामान तिकडे मिळालं नाही तर कळव. शनिवारी मी इथल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत, जाणारच आहे. कॅबिनेटची आतली लांबी-रुंदी, काच कोणत्या बाजूला आणि एसएमपीएस वर आहे की खाली, एवढं लिहून पाठव. अंदाजे नको, मोजपट्टी लावून. अ‍ॅक्रिलिक मी इथूनच कापून आणतो.

वहिनींना सांग, सोल्डरिंग जेवणाच्या टेबलावर होऊ देऊ नका. खाली प्लायचा तुकडा घ्या, खिडकी उघडी ठेवा, आणि काम झालं की चिऊला हात धुवायला लावा. साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं. तुझ्या हातात सोल्डरिंग आयर्न देऊ नका हेही त्यांना सांगितलं असतं, पण ते त्यांना माहीत असणारच.

तुझा,
बाळ्या